नवीन गाडीचं पहिलं ऑइल १००० ला काढू का १०,००० पर्यंत थांबू? आणि ती अ‍ॅडिटिव्हची बाटली घालायची का?

सातारकर_८७:
नमस्कार मंडळी. दिवाळीत नवीन गाडी घेतली, १.२ लिटर पेट्रोल, टर्बो नाही, मॅन्युअल गिअर. आता पहिल्या फ्री सर्व्हिसची वेळ आलीय. मॅन्युअलमधे १००० किमीला नुसतं चेकिंग आणि ऑइल थेट १०,००० किमी किंवा १ वर्ष असं लिहिलंय. पण आमचे मामा म्हणतात पहिलं ऑइल हजारालाच काढ, नवीन इंजिनात धातूचा कीस निघतो, तो वर्षभर आत फिरवत ठेवू नकोस. मामांनी आयुष्यभर गाड्या चालवल्यात त्यामुळे त्यांचं बोलणं सोडून देववत नाही. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर अ‍ॅडव्हायझर म्हणाला ऑइलला हात लावायची गरज नाही पण त्यात इंजिन प्रोटेक्शनच्या अ‍ॅडिटिव्हची एक बाटली घाला, साडेसातशे रुपये, इंजिन स्मूद होतं, आयुष्य वाढतं. आता मला कळत नाहीये की ऑइल चांगलं आहे तर बाटली कशाला आणि बाटली लागते तर ऑइल चांगलं कसं. ऑइलची ग्रेड ०डब्ल्यू-१६, म्हणजे एकदम पातळ, आहे. रोजचं रनिंग घर ते एमआयडीसी, ५ किमी जाऊन ५ येऊन, आणि महिन्यातून एकदा पुणे. गाडी निदान १२-१५ वर्षं ठेवायची आहे. जाणकारांनी कृपया सांगा.

उद्यमनगर_गॅरेज:
सातारकर, मामा चूक बोलत नाहीयेत. त्यांच्या काळात नवीन गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' लिहिलेलं असायचं आणि पहिलं ऑइल ५०० ला नाहीतर १००० ला निघायचंच, कारण बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) आणि पिस्टनच्या रिंगांचं फिनिशिंग आजच्यासारखं नव्हतं. आजही सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंगच्या तिरक्या बारीक रेघा मारलेल्या असतात, त्यांच्यात ऑइल धरून राहतं आणि त्या रेघांचे वरचे टोकदार कंगोरे रिंगा घासून सपाट करतात, त्यालाच आपण रिंगा बसल्या म्हणतो. हे काम सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमधेच बरंचसं होतं आणि त्यातून निघालेला चुरा ऑइलमधेच जातो. मोठे कण फिल्टर धरतो, पण फिल्टरच्या कागदातून निसटण्याइतके बारीक कण ऑइलबरोबर फिरत राहतात, ते बाहेर काढायचा उपाय एकच, ऑइल काढणे.

मी गिऱ्हाइकाला दाखवतो नेहमी. पहिलं ऑइल पांढऱ्या ट्रेमधे काढायचं आणि ट्रे उन्हात तिरका धरायचा, आत चंदेरी चकाकी हलताना दिसते. फिल्टर कापला की घड्यांमधे तीच चमक असते आणि कधीकधी सीलंटचा एखादा रबरी तुकडा, जो कंपनीत ऑइल पॅन चिकटवताना आत पिळला गेलेला असतो. लोहचुंबक फिरवला तर थोडं चिकटतं, बाकीचं ॲल्युमिनियम असतं ते चिकटत नाही. हे बघून घाबरायचं कारण नाही, नवीन इंजिनचं असंच असतं. पुढच्या ऑइलला हीच चमक जवळजवळ दिसत नाही.

माझं मत, १००० ते १५०० मधे एकदा ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. तीन-साडेतीन लिटर ऑइल लागतं, १२-१५ वर्षं गाडी ठेवायची तर हा खर्च काहीच नाही. बाटली घालू नका.

तेलाचा_अभ्यास:
मी ऑइल टेस्टिंगच्या लॅबमधे काम करतो. उद्यमनगर दादांनी चकाकीचं सांगितलं ते बरोबरच आहे, आमच्याकडे नवीन इंजिनचं पहिलं सॅम्पल आलं की लोह, तांबं आणि सिलिकॉन तिन्ही चढलेले असतात. सिलिकॉन बघून लोक एअर फिल्टर फाटला म्हणून धावतात, पण नवीन गाडीत ते बहुतेकदा त्या सीलंटमधूनच येतं. पुढच्या दोन-तीन सॅम्पलमधे आकडे आपोआप खाली येतात. त्यामुळे लवकर बदललं तर तोटा काही नाही, पण १०,००० ला बदलणाऱ्यांची इंजिनं खराब झाली असंही आम्हाला दिसत नाही. उलट होंडासारखी कंपनी काही गाड्यांच्या मॅन्युअलमधे लिहिते की फॅक्टरीतलं ऑइल ठरलेल्या वेळेआधी काढू नका. म्हणून ज्याच्या मॅन्युअलमधे असं बजावलंय त्याने ऐकावं, बाकीच्यांनी मनाच्या समाधानासाठी एकदा बदलायला हरकत नाही.

बाटलीबद्दल मात्र मी जोरात सांगेन, घालू नका. तुम्ही विचारलंत ना ऑइल चांगलं तर बाटली कशाला, अगदी नेमका प्रश्न आहे. ऑइलच्या डब्यात नुसतं बेस ऑइल नसतं, मळ सोडवणारं डिटर्जंट, मळ तरंगता ठेवणारं डिस्पर्संट, झीज रोखणारं झिंक आणि फॉस्फरसचं संयुग, फेस न होऊ देणारं केमिकल असं सगळं मोजून घातलेलं असतं, आणि यातले बरेचसे धातूच्या त्याच पृष्ठभागासाठी एकमेकांत स्पर्धा करतात. त्यात एकाचं प्रमाण आपण बाहेरून वाढवलं की दुसऱ्याचं काम बिघडू शकतं. आणि फॉस्फरस जास्त चांगलं असतं तर कंपन्यांनीच घातलं असतं, पण ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) खराब करतं म्हणून असल्या पातळ ग्रेडमधे त्याची मर्यादा ०.०८ टक्के ठेवलीय. बऱ्याच बाटल्या तर नुसत्या दाट असतात, त्या ०डब्ल्यू-१६ मधे ओतल्या की ते ०डब्ल्यू-१६ राहतच नाही, थंडीत सकाळी इंजिनच्या वरपर्यंत पोचायला उशीर लागतो, आणि व्हॉल्व्ह टायमिंग हलवणारी यंत्रणा ऑइलच्या प्रेशरवर चालते, तिचे रस्ते फार बारीक असतात.

टेफ्लॉनवाल्या बाटल्या आपल्याकडेही मिळतात म्हणून सांगतो, अमेरिकेत स्लिक ५० नावाच्या अशाच प्रॉडक्टवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जाहिरातीतल्या दाव्यांबद्दल कारवाई केली होती आणि १९९७ मधे ते प्रकरण मिटलं, झीज कमी होते वगैरे दावे पुराव्याशिवाय करायचे नाहीत या अटीवर.

टर्बो_पिंपरी:
टर्बो पेट्रोलवाले वाचत असतील तर आपल्याला अजून एक कारण आहे. डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमधे फवारणाऱ्या) टर्बोमधे कमी आरपीएमला जोर लावला की कधीकधी ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटतं, पिस्टन फुटू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटमुळे हा प्रकार वाढतो असं दिसल्यावर ऑइलचे फॉर्म्युले बदलले, अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं २०२० चं एपीआय एसपी स्टँडर्ड बघा, त्यात याची टेस्ट आहे. अशा ऑइलमधे कुठलीतरी डिटर्जंटची बाटली ओतायची म्हणजे तो सगळा हिशोब बिघडवणं. आणि बीएस६ डिझेलला राख कमी होणारं ऑइल लागतं, नाहीतर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी धरणारा फिल्टर, भरतो.

सातारकर_८७:
सगळ्यांचे मनापासून आभार. बाटलीचा विषय संपला. मामांना एक शंका आहे, बुलेट आणि स्प्लेंडरचं ऑइल तर कंपनीच पहिल्या सर्व्हिसला बदलते, मग कारला का नाही?

उद्यमनगर_गॅरेज:
कारण त्या बाइकमधे इंजिन, क्लच आणि गिअर सगळे एकाच ऑइलमधे बुडालेले असतात. गिअरच्या दातांचा चुरा, क्लचप्लेटची धूळ सगळं त्याच थोड्याशा ऑइलमधे जातं. कारच्या गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं.

लवकर बदलायचंच तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधेच करा, जॉब कार्डवर 'ऑइल आणि फिल्टर, ग्राहकाच्या सांगण्यावरून' असं लिहून घ्या आणि बिल जपून ठेवा, पुढे वॉरंटीत कोणी बोट दाखवायला नको. ड्रेन नटची चकती नवीन टाकायला सांगा. इंजिन फ्लशही (आतून धुवायचं केमिकल) जोडतील, त्याला नाही म्हणा, नवीन इंजिनात धुवायला काही नसतं. घरी आलात की सपाट जागेवर गाडी लावून थोड्या वेळाने डिपस्टिक बघा, ऑइल वरच्या खुणेच्या वर जाता कामा नये.

तेलाचा_अभ्यास:
सातारकर, तुमच्या रोजच्या ५ किमीबद्दल कोणी बोललं नाही आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. कूलंटचा काटा वर आला तरी ऑइल तापायला त्याच्यापेक्षा बराच वेळ लागतो, ५ किमीत ते नीट तापतच नाही. मग थंड इंजिनात गेलेलं जादा पेट्रोल आणि वाफेचं पाणी ऑइलमधून उडून जात नाही, साठत जातं. हिवाळ्यात ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सायीसारखा पांढरट थर दिसला तर तो याचाच. मॅन्युअलच्या मागच्या पानांवर कठीण वापराचा वेगळा तक्ता असतो, त्यात छोट्या फेऱ्या, धूळ, ट्रॅफिक हे सगळं येतं आणि ऑइलची मुदत कमी केलेली असते. तो बघा. तुमचे वर्षाला जेमतेम ६००० किमी होतील, १०,००० चा आकडा तुमच्यासाठी येणारच नाही, महिनेच मोजावे लागतील. मी तुमच्या जागी असतो तर दर ६ महिन्यांनी बदललं असतं, पहिलंही आणि पुढचीही सगळी.

आणि पुण्याची ती महिन्याची फेरी चुकवू नका. खंबाटकी घाट चढताना इंजिनवर लोड येतो, ऑइल पूर्ण तापतं, साठलेलं पेट्रोल-पाणी उडून जातं. रिंगा बसायलाही थोडा लोड लागतोच, फक्त पहिल्या हजारात पाय पूर्ण दाबू नका आणि हायवेला तासन्‌तास एकाच स्पीडला धरू नका.

सातारकर_८७:
तक्ता सापडला, मागून चौथ्या पानावर आहे, कठीण वापराला ५००० किमी किंवा ६ महिने लिहिलंय. मग १००० ला एकदा आणि पुढे दर सहा महिन्यांनी असं ठरवलं. शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय, ट्रेमधलं ऑइल बघायला मामा पण येतायत.