‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे थोडे की बरेच?

हापूसवाला_देवगड
नमस्कार मंडळी. देवगडला आमची कलमांची बाग आहे, आंबे थेट गिऱ्हाइकाला पाठवतो, त्यामुळे हल्ली निम्म्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर इंग्रजीतूनच येतात. मागच्या सीझनला एकाचा मेसेज आला, ऑफिसात वाटायला ‘क्वाइट अ फ्यू डझन’ लागतील. मला फ्यू म्हणजे थोडे एवढंच ठाऊक, म्हणून पाच डझनाच्या दोनच पेट्या बाजूला ठेवल्या आणि तो माणूस तीस डझन धरून बसलेला! तोवर बाकीचा माल वाशीला गेलेला, गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच, अजून जीवाला लागून राहिलंय. हे फ्यू, सेव्हरल, प्लेन्टी यातलं कमीजास्त ओळखायचं कसं? आणि लेबलवर ‘टू डझन्स मँगोज’ छापलंय, मुलगी म्हणते चुकलंय. खरंच?

सुरंगीचा_वळेसर
दादा, मुलगी बरोबर बोलतेय. मी चिपळूणला इंग्रजी शिकवते, ही चूक दरवर्षी पेपरात बघते. आकडा सांगितलात की डझन, हंड्रेड, मिलियन यांना एस लावायचा नाही, पुढे ऑफ पण नाही. टू डझन मँगोज, फाइव्ह मिलियन रुपीज. आकडा नसेल, नुसतं भरपूर म्हणायचं असेल तर डझन्स ऑफ, मिलियन्स ऑफ. आपण नाही का ‘दोनशे नारळ’ म्हणतो पण वादळात ‘शेकड्यांनी नारळ पडले’, तसंच.

फ्यूचं म्हणाल तर तो एवढासा ‘अ’ सगळा अर्थ फिरवतो. नुसतं फ्यू म्हणजे जेमतेम, नसल्यात जमा. अ फ्यू म्हणजे चार-सहा आहेत की. आणि क्वाइट अ फ्यू म्हणजे चक्क बरेच, त्यामुळे तुमचं गिऱ्हाईक त्याच्या जागी बरोबर होतं. सेव्हरल म्हणजे दोनाहून जास्त पण फार नाही, प्लेन्टी म्हणजे पुरून उरेल इतकं. लोड्स, हीप्स, टन्स बोलताना ठीक, लेबलवर नको. होमस्टेवाले ‘प्लेथोरा ऑफ फिश’ लिहितात ते मात्र खटकतं, कारण जुन्या वैद्यकात अंगात रक्त जास्त झालं की त्याला प्लेथोरा म्हणायचे, आणि नको इतकं झाल्याचा वास त्या शब्दाला अजून आहे.

दर्यावर्दी
मी मर्चंट नेव्हीत होतो. बोलण्यातला टन म्हणजे ढीगभर, पण जहाजावर टन तीन प्रकारचे. मेट्रिक १००० किलो, ब्रिटिश लाँग टन २२४० पौंड म्हणजे साधारण १०१६ किलो, अमेरिकन शॉर्ट टन २००० पौंड म्हणजे ९०७ च्या आसपास. कागदावर कुठला टन लिहिलाय हे बघितल्याशिवाय सही करायची नाही. बिलियनचंही तेच, आता १०० कोटी म्हणजे आपला अब्ज, पण जुन्या ब्रिटिश इंग्रजीत तो लाख कोटी असायचा, १९७४ ला त्यांच्या सरकारने आकडेवारीत १०० कोटीचा धरायला सुरुवात केली. जुनं पुस्तक वाचताना हे ध्यानात ठेवा.

माडाखाली
यात स्कोअर राहिला. स्कोअर म्हणजे वीस. लिंकनचं १८६३ चं गेटिसबर्गचं भाषण ‘फोर स्कोअर अँड सेव्हन’ वर्षांपासून सुरू होतं, म्हणजे ८७. आमची आजी नारळ असेच मोजायची, दोन्ही हातांनी दोन-दोन उचलून, वीस झाले की एक खडा बाजूला, पाच खडे म्हणजे शेकडा. ती ८७ ला ‘चार विसा नि सात’च म्हणायची. कॉलेजात ते भाषण शिकवलं तेव्हा वर्गात मला एकट्यालाच लगेच कळलं होतं, आजीमुळे.

हापूसवाला_देवगड
मनापासून आभार. लेबल आजच बदलायला दिलं. परवा एकाने ‘अ कपल ऑफ डझन’ लिहिलंय, ते दोनच ना?

सुरंगीचा_वळेसर
बहुतेक दोन, पण दोन-तीन म्हणूनही सर्रास वापरतात. फोन लावा आणि आकडा विचारून घ्या, मगच पेटी भरा.