एस.वाय.ला आधी धडा की आधी प्रश्न?

मी ठाण्यात केमिस्ट्री शिकवते. यंदा थेट प्रश्नच टाकला: मासुंदा तलावातला विरघळलेला ऑक्सिजन पहाटे कमी का असेल? वर्ग चिडीचूप. मग मागून एकजण, "मॅडम, नोट्स कधी?" साठ पोरं, मी एकटी. कसं रेटू?

↳ कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ मध्ये मेडिकलला हे आधी प्रश्न देऊन शिकवणं सुरू झालं तेव्हा गट छोटे, प्रत्येक गटाला ट्यूटर. आपल्याकडे कुठले ट्यूटर! आठ-आठचे गट करा, फिरत राहा. पहिल्या तासाला फळ्यावर दोनच रकाने: काय माहितीये, काय शोधायचंय.

↳ नोट्स मागणारच, पेपर तसाच येतो ना! इंटर्नलचे मार्क शोधाशोधीला ठेवा.

↳ मार्कांचं पटलं. विंकलर टायट्रेशन (विरघळलेला ऑक्सिजन मोजायची पद्धत) आता "मोजायचं कसं?" असं त्यांनी विचारल्यावरच काढते. बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला की रीडिंग बोंबललं, हे स्वतःच्या हातानेच कळू दे.