मदत हवी आहे : सीपी (सेरेब्रल पाल्सी) असलेल्या मुलाला दहा दिवस ठेवण्यासाठी रेस्पाइट केअर (घरच्यांना विसावा म्हणून काही दिवस दुसरीकडे सांभाळ)

निशिगंध
शेजारचा मुलगा, वय 9, सेरेब्रल पाल्सी, वजन 19 किलो. चालत-बोलत नाही, फिट्सचं सिरप दोन वेळा. पाच आठवड्यांनी आईचं हर्नियाचं ऑपरेशन, पुढे सहा आठवडे वजन उचलायचं नाही. घरचे म्हणतात, पोराला परक्याकडे टाकायचं कसं? कुठे चौकशी करावी, तयारी काय?

फिजिओताई
हाताशी पाच आठवडे आहेत, हे फार बरं. एकदम दहा दिवस ठेवू नका. आधी आईसोबत दोन तास, मग आईशिवाय अर्धा दिवस, मग एक रात्र. नव्या जागी झोप मोडते आणि झोप मोडली की फिट येण्याची शक्यता वाढते, म्हणून ही एक रात्र चुकवू नका.

औषधाच्या कागदावर ‘एक चमचा’ लिहू नका, मिली लिहा. व्हॅल्प्रोएटच्या (हे फिट्सचं एक औषध) नेहमीच्या सिरपमध्ये 5 मिलीत 200 मिग्रॅ असतं, पण घरोघरचे चमचे वेगळे. बिनसुईची सिरिंज द्या, डोसच्या रेषेवर चिकटपट्टी लावून. फिट 5 मिनिटांपुढे गेली तर काय द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, खाली 108.

सगळ्यात जास्त घोटाळा भरवताना होतो. नवं माणूस मुलाला मांडीवर आडवं घेतं, मान मागे जाते, घास श्वासनलिकेत उतरतो. कधी ठसकाही लागत नाही, न्यूमोनियाच होतो. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून भरवायचं आणि नंतर 30 मिनिटं तसंच बसू द्यायचं. आई भरवतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ द्या. वाटी-चमचा घरचाच.

सोनचाफा
राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘समर्थ’ (आता ‘समर्थ-कम-घरौंदा’) योजनेत असा तात्पुरता निवास येतो. न्यासाच्या 1999 च्या कायद्यात सेरेब्रल पाल्सी येते. न्यासाकडे नोंदलेल्या जवळच्या संस्था शोधा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) तयार ठेवा. न्यासाचा ‘निरामय’ आरोग्य विमा (1 लाखापर्यंत) नसेल तर आत्ताच अर्ज करा. संस्था बघताना ‘स्टाफ किती’ विचारू नका. रात्री जागं कोण असतं, कूस कोण बदलतं, हे विचारा.

आणि ‘टाकणं’ हा शब्द घरातून काढा. टाके भरायच्या आत आईने 19 किलो उचललं तर हर्निया पुन्हा होऊ शकतो, मग मुलाला उचलणार कोण?

निशिगंध
दहा दिवसांनी घरी आल्यावर?

फिजिओताई
एकाच कुशीवर पडून दाबाने जखमा होतात, म्हणून त्याच दिवशी माकडहाड, टाचा, कोपरं बघा. दाबल्यावर पांढरा न पडणारा लाल डाग दिसला तर त्या जागेवर भार नको, डॉक्टरांना दाखवा. दोन-तीन दिवस चिडचिड, रात्री जागणं होईल. वेळापत्रक जुनंच ठेवा. आणि सहा आठवडे उचलायचं नसेल तर दहा दिवसांनी भागणार नाही. उरलेल्या दिवसांसाठी आंघोळ आणि शी-शूच्या वेळेला मदतनीस आजच ठरवा. तिलाही तोच व्हिडिओ दाखवा.