महिन्याच्या रिव्ह्यूत नीट बोलता यावं म्हणून तयारी कशी करावी?

चाकण_क्यूए
ऑटो पार्ट्स कंपनीत क्वालिटी इंजिनिअर आहे. पुढची पायरी असिस्टंट मॅनेजरची. त्या पदावर दर महिन्याला प्लँट हेडसमोर रिव्ह्यू मांडायचा असतो, कस्टमर ऑडिटलाही (ग्राहक कंपनी येऊन आमचं काम तपासते) उभं राहावं लागतं. आकडे तोंडपाठ असतात, पण 10 मिनिटं मिळाली की सहाव्या स्लाइडवरच वेळ संपतो. मध्ये कुणी प्रश्न विचारला की पुढचं सुचत नाही. शाळेत वक्तृत्व स्पर्धा केल्यात, इथे त्याचा उपयोग होत नाही. इंग्रजी कामापुरतं येतं. अप्रेझल मार्चमध्ये आहे. सुरुवात कुठून करू? टोस्टमास्टर्सला, म्हणजे भाषणाचा सराव करायच्या क्लबला, जावं का?

लाइन_टू
वक्तृत्व स्पर्धेत आधी प्रस्तावना, मग दाखले आणि मुद्दा सगळ्यात शेवटी. रिव्ह्यूत हा क्रम उलटा करा. पहिल्या अर्ध्या मिनिटात तीन गोष्टी सांगून टाका: काय झालं, त्याचं कारण काय, आणि समोरच्यांकडून काय हवं. उदाहरणार्थ, ‘लाइन दोनचं वेल्डिंग रिजेक्शन 3.2 टक्क्यांवरून 1.4 वर आलं. उरलेलं रिजेक्शन झिजलेल्या फिक्श्चरमुळे (पार्ट पकडून ठेवणारं साधन) आहे. ते बदलायला 1 लाख 80 हजारांची मंजुरी हवी.’ एवढं झाल्यावर साहेबांना फोन आला आणि ते उठून गेले, तरी तुमचं काम झालेलं असतं.

10 मिनिटं मिळाली तर बोलणं 7 मिनिटांचंच ठेवा, उरलेला वेळ प्रश्नांचा. स्लाइड चार: निष्कर्ष, ट्रेंड, कारण, मागणी. पॅरेटो (कोणत्या दोषाचा वाटा किती ते उतरत्या क्रमाने दाखवणारा आलेख), फिशबोन (कारणं शोधायची आकृती), पार्टवार तक्ता हे सगळं मागे बॅकअपला. बॅकअप स्लाइडचे नंबर एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना 12 टाइप करून एंटर दाबलं की थेट बारावी स्लाइड उघडते. सगळ्यांसमोर मागे-पुढे शोधत बसण्यात वेळही जातो आणि धीरही सुटतो. प्रश्नावर चर्चा रंगली तर कीबोर्डवर बी (B) दाबा, पडदा काळा होतो आणि लोक तुमच्याकडे बघू लागतात.

एक गोष्ट बरेच जण विसरतात: आदल्या दिवशी आपल्या साहेबांना चारही स्लाइड दाखवा. वाईट आकडा त्यांना पहिल्यांदा मीटिंगमध्येच कळला, तर तुम्ही कितीही छान बोला, ते तुमच्या बाजूने उभे राहणार नाहीत. बढतीची चर्चा होते तिथे बसलेल्या बहुतेकांनी तुमचं रोजचं काम पाहिलेलं नसतं. त्यांना आठवतात ती ही 10 मिनिटं, आणि साहेब तुमच्याबद्दल काय बोलले ते.

स्वरसाधक
वरच्या मांडणीशी पूर्ण सहमत. मी आवाज आणि सरावाबद्दल लिहितो.

उभं राहून, मोठ्याने, मोबाइलवर रेकॉर्ड करा. मनातल्या मनात वाचून वेळेचा अंदाज नेहमी चुकतो, कारण त्यात श्वास आणि थांबे धरलेले नसतात. रेकॉर्डिंग दोनदा तपासा. आधी पडद्याकडे न बघता फक्त ऐका: ‘बेसिकली’, ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ किती वेळा येतं ते मोजा. मग आवाज बंद करून बघा: हात खिशात, नजर स्क्रीनवर, एका पायावर डुलणं लगेच दिसतं. एका वेळी एकच खोड धरा. ‘बेसिकली’ तोंडावर आलं की तिथे तोंड मिटून थांबायचं. तो एक सेकंद तुम्हाला फार मोठा वाटतो, ऐकणाऱ्याला जाणवतही नाही.

मराठीत बोलताना वाक्याचा शेवट गिळू नका. आपलं क्रियापद आणि नकार दोन्ही शेवटी येतात. ‘टूल बदललेलं नाही’ म्हणताना श्वास संपला आणि ‘नाही’ विरलं, तर मागच्या रांगेला उलटच ऐकू जातं. वाक्य लहान करा, श्वास पूर्णविरामावर घ्या.

हात थरथरत असतील तर लेझर पॉइंटर वापरू नका, त्याचा ठिपका भिंतीवर थरथर मोठी करून दाखवतो. नोंदी ए-फोर कागदाऐवजी जाड कार्डावर ठेवा. आधी दोन मिनिटं नाकाने चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. पाठांतर फक्त पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन वाक्यांचं. सगळंच पाठ केलंत तर मधला एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं, प्रश्नानंतर तुमचं होतं तेच.

इंग्रजीची भीती असेल तर ‘नॉन-कन्फॉर्मिटी’सारखे (ठरलेल्या निकषात न बसणं) अवघड शब्द आधी वीसेक वेळा मोठ्याने म्हणा. बाकी वाक्यं साधी ठेवा.

गवळण_रोड
टोस्टमास्टर्सला जरूर जा, पण ते काय देतं हे समजून जा. पहिलं भाषण, आइस ब्रेकर, 4 ते 6 मिनिटांचं. चौथ्या मिनिटाला हिरवा दिवा लागतो, पाचव्याला पिवळा, सहाव्याला लाल. वेळेचं भान त्यातूनच येतं. तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे टेबल टॉपिक्स: विषय जागेवर मिळतो आणि 1 ते 2 मिनिटं बोलायचं असतं. प्रश्न आला की अडखळणं तिथे कमी होतं. आधी पाहुणे म्हणून दोन-तीन क्लबच्या मीटिंग बघा, मूल्यमापन करणारे नुसतं कौतुक करतात की नेमकी चूक दाखवतात ते पाहा, आणि मगच सभासद व्हा.

मात्र पॅरेटो समजावून मंजुरी मिळवणं तिथे शिकवत नाहीत. त्यासाठी आपल्या प्लँटमधली कायझेन (कामात छोट्या-छोट्या सुधारणा) आणि क्वालिटी सर्कलची (कामातल्या अडचणी सोडवणारे कामगारांचे छोटे गट) सादरीकरणं स्वतःकडे घ्या. क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडियाच्या स्पर्धांमध्ये शॉपफ्लोअरच्या टीम परीक्षकांसमोर उभ्या राहतात, प्रश्नही खऱ्या कामाचे येतात. मराठी स्लाइड असतील तर युनिकोड फॉन्टच वापरा आणि पीडीएफ प्रतही सोबत ठेवा. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या लॅपटॉपवर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो, आणि हे कळतं तेव्हा परीक्षक समोर बसलेले असतात.

चाकण_क्यूए
खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. ऑडिटमध्येही हाच क्रम चालेल का? तिथे तर प्रश्नच प्रश्न असतात.

लाइन_टू
नाही, ऑडिटमध्ये मांडणी ऑडिटरची असते. प्रश्न पूर्ण ऐका, आपल्या शब्दांत एकदा म्हणून खात्री करा, आधी हो, नाही किंवा आकडा सांगा, मग रेकॉर्ड दाखवा आणि थांबा. शांतता पसरली की लोक ती भरायला जास्तीचं बोलतात आणि न विचारलेला विषय उघडतात. ‘बहुतेक’, ‘सहसा’ हे शब्द टाळा, ऑडिटर पुढचा प्रश्न तिथूनच काढतो. माहीत नसेल तर अंदाज न बांधता ‘संबंधित माणसाला बोलावतो’ म्हणा आणि लगेच बोलवा. रिव्ह्यूत हेच झालं तर ‘उद्या दुपारी 12 पर्यंत मेल करतो’ सांगा आणि 11 ला पाठवा, सीसीमध्ये प्रश्न विचारणाऱ्यासोबत आपले साहेबही ठेवा.