होनोलुलूला कुणीही जाईल, मोलोकाईला कोण?

हवाईत बेटांवर माल नेणाऱ्या बार्जचे (सपाट मालवाहू बोटींचे) दर सरकारनं का ठरवावेत, स्पर्धा खुली करा, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. आपल्याकडं काळीपिवळी बघा. पैठण-संभाजीनगर रस्त्यावर हाका मारमारून सीट भरतील, तांड्याची मुक्कामी गाडी मात्र एसटीनंच चालवायची! तिथंही तेच. होनोलुलू-हिलोसारख्या मोठ्या बंदरांना कुणीही बार्ज लावील, मोलोकाई-लानाईसारख्या छोट्या बेटांवर कोण जाणार? म्हणून दर वाढवायचे असोत की फेऱ्या कमी करायच्या असोत, ही बार्ज चालवणाऱ्या यंग ब्रदर्स कंपनीला आधी तिथल्या सार्वजनिक सेवांवर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाला (पब्लिक युटिलिटीज कमिशन) विचारावं लागतं.

अर्थात यानं स्वस्ताई येते असं नाही. २०२० मध्ये कोविडनं धंदा बसला आणि आयोगानंच सुमारे ४६ टक्के वाढ दिली. मोलोकाईवाल्यानं भरली, करतो काय? पण निदान कंपनीला हिशेब तरी मांडावा लागला.

आणि आपलं? जायकवाडीच्या फुगवट्यातून भिवधानोऱ्याची पोरं थर्माकोलवर बसून शाळेला जायची, २०२३ मध्ये हायकोर्टानं दखल घेतली. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे की, बोटीची नोंदणी, तपासणी, विमा सगळं बघतो. पण आधी बोट तर पाहिजे!