बॅट फ्लॉवर पुण्याच्या बाल्कनीत जगवायचंय, सल्ला हवा

ओलीकुंडी, पुणे (3 जून)

सगळ्यांना नमस्कार. बॅट फ्लॉवर, म्हणजे टॅका चँट्रिएरी, कुणी घरी फुलवलंय का? जवळजवळ काळं, पंख पसरलेल्या वटवाघळासारखं फूल आणि खाली वीतभर लोंबणाऱ्या मिशा. दोन वर्षांपूर्वी केरळात एका घराच्या व्हरांड्यात पाहिलं आणि तिथून पाय निघेना. तेव्हापासून मनात घर करून आहे.

गेल्या ऑगस्टात एक रोप ऑनलाइन मागवलं. तळहाताएवढी तीन पानं होती. नेहमीचं मिश्रण भरलं: लाल माती, शेणखत, थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा). पावसाळाभर बरं दिसलं. दिवाळीनंतर एकेक पान पिवळं पडून बुडापासून सुटत गेलं. उपटून पाहिलं तर गड्डा मऊ झालेला, कुजका वास येत होता. फार वाईट वाटलं, कारण पाणी रोज न चुकता घालत होते.

बाल्कनी पूर्वेची, चौथा मजला, सकाळी नऊपर्यंत ऊन येतं. पाणी बोअरचं. यंदा पुन्हा आणायचंय. रोप घ्यावं की बी? काळं की पांढरं? माती कोणती? आणि पुण्यात हे झाड मुळात होतं का, तेही स्पष्ट सांगा.

शेवाळवाट, ठाणे (3 जून)

ताई, पुण्यात होतं. माझ्याकडे सहा वर्षं आहे, त्याआधी माझीही दोन गेली, तुमच्यासारखीच, गड्डा कुजून.

हे झाड दक्षिण चीन, थायलंड, मलेशिया भागातल्या सदाहरित जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं. तिथे पाऊस भरपूर, पण पाणी कुजलेल्या पाल्यातून झरझर निघून जातं. मुळं कायम ओलसर, तरी हवेशीर. आपली लाल माती कुंडीत दोन महिन्यांत दबून विटेसारखी घट्ट होते. त्यात रोज पाणी घातलं की मुळांना श्वास घ्यायला जागाच उरत नाही. थंडीत झाडाची वाढ थांबते, ते पाणी ओढत नाही, आणि तुम्ही पाणी तेवढंच घालत राहिलात. म्हणून दिवाळीनंतर गेलं.

माझं मिश्रण असं: दोन भाग नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे (दोन दिवस पाण्यात भिजवून, ते तांबडं पाणी फेकून), एक भाग पालापाचोळ्याचं कुजलेलं खत, एक भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खनिज दाणे), अर्धा भाग लाकडी कोळशाचे बारीक तुकडे, मूठभर गांडूळखत. माती अजिबात नाही. ऑर्किडला जे भरतो त्याच्या जवळ जाणारं, फक्त थोडं जास्त ओल धरणारं. पाणी घातल्यावर दहा सेकंदांत खालून यायला हवं. आलं नाही तर मिश्रण चुकलं.

कुंडी झाडापेक्षा फार मोठी घेऊ नका. मोठ्या कुंडीत न वापरलेली ओल साचते आणि कूज तिथूनच सुरू होते.

वाफसा_मोड, नाशिक (4 जून)

वरचं जवळजवळ सगळं पटलं. फक्त सोडणाचे तुकडे नाशिक-पुण्याच्या उन्हाळ्यात फार लवकर वाळतात. ठाण्याची हवा वेगळी. मी निम्मं कोकोपीट आणि निम्मं परलाइट वापरतो, खाली कोळसा. कोकोपीट मात्र धुऊनच घ्या, त्यात क्षार असतात आणि टॅकाला क्षार सोसत नाहीत.

याच कारणाने बोअरचं पाणी बंद करा. पानांची टोकं तपकिरी होऊन वाळायला लागली की लोक पाणी कमी पडलं समजून आणखी घालतात, पण बहुतेक वेळा ते क्षारांमुळे असतं. पावसाळ्यात पिंपभर पाणी साठवून झाकून ठेवा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं. पाण्याच्या शुद्धीकरण यंत्रातून बाहेर जाणारं पाणी मात्र चुकूनही घालू नका. पाणी वाचवायचं म्हणून बरेच जण ते झाडांना घालतात, पण गाळलेले सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात.

बियांच्या वाटेला सध्या जाऊ नका. टॅकाचं बी ताजं असेल तरच भरवसा. कोमट पाण्यात दिवसभर भिजवून, 27-30 अंशांच्या उबेत ठेवलं तरी उगवायला महिना लागतो, कधी नऊ महिनेही. पुढे फूल यायला आणखी दोन-तीन वर्षं. पाकिटात येणारं बी किती जुनं, हे कळायला मार्ग नसतो. निळ्या आणि लालभडक बॅट फ्लॉवरच्या बिया दिसल्या तर त्या घेऊच नका. ते रंग फोटोत भरलेले असतात. चँट्रिएरी काळपट जांभळं, इंटेग्रिफोलिया पांढऱ्या पंखांचं. बाजारात खरी मिळतात ती प्रामुख्याने ही दोन.

ओलीकुंडी, पुणे (4 जून)

शेवाळवाट, वाफसा_मोड, दोघांचेही मनापासून आभार. शुद्धीकरण यंत्राचं पाणी मी खरोखरच घालत होते, आठवड्यातून दोनदा. आज कळलं.

पांढऱ्याबद्दल कुणी सांगेल का?

ब्रह्मपुत्राकाठ, गुवाहाटी (5 जून)

ताई, मी मूळची साताऱ्याची, नोकरीमुळे इथे नऊ वर्षं. पांढरं, म्हणजे टॅका इंटेग्रिफोलिया, ईशान्य भारतातलंच आहे. मी मेघालयात ओढ्याकाठच्या उतारावर, दाट सावलीत पाहिलंय. वर दोन मोठे पांढरे पंख, त्यांवर जांभळ्या शिरा, खाली गडद फुलांचा झुबका आणि मिशा. ते पंख खरं तर पाकळ्या नाहीत, छदं, म्हणजे फुलांजवळची रूप बदललेली पानं आहेत, आणि मिशाही छदांचेच दोऱ्यासारखे प्रकार. खरी फुलं मधे खाली मान घालून असतात. फूल उमललं की एकदा जवळ बसून नीट पाहा, फार सुंदर रचना आहे.

पण पहिल्यांदा काळंच घ्या. पांढरं आकाराने मोठं होतं, त्याला ऊब आणि ओलावा दोन्ही जास्त लागतं. पुण्यातल्या जानेवारीच्या रात्री ते खाली बसतं. काळंही 13-15 अंशांखाली सुखी नसतं, पण खोलीत घेतलं तर तग धरतं.

एक विनंती. गड्डे स्वस्तात विकणारे काही जण ते जंगलातून उपटून आणतात. विचारा, रोप कुठे वाढवलं? रोपवाटिकेत वाढलेल्या रोपाची मुळं कुंडीच्या आकारात वळलेली असतात, आणि तेच तुमच्याकडे जगायची शक्यता जास्त. उघड्या मुळांचा, पानं कापलेला गड्डा घेऊ नका.

कातळसडा, रत्नागिरी (5 जून)

एक वेगळी वाट सुचवतो. टॅकाचा एक भाऊबंद आपल्या कोकणातच आहे, देवकंद, टॅका लिओंटोपेटलॉइड्स. पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून दांडा येतो, सुरणासारखं फाटलेलं पान उघडतं, आणि उंच दांड्यावर हिरवट-जांभळ्या फुलांचा गुच्छ, त्याला तशाच लांब मिशा. काळ्याइतकं नाट्य नाही, पण मला त्याचा हिरवा रंग जास्त आवडतो. अगदी पावसात भिजलेल्या रानाचा रंग.

हे सगळं कुळ कोनफळ-कारांद्यांचं, डायोस्कोरिएसी. देवकंदाचा कंद कच्चा अतिशय कडू. पॅसिफिकमधल्या बेटांवर तो किसून, पुन्हा पुन्हा धुऊन त्याचं पीठ काढत. घरी कुणी कच्चा चाखून बघू नये.

कुंडीसाठी याचा मोठा फायदा म्हणजे पावसाळा सरला की पान वाळतं आणि कंद झोपतो. मग पाणी पूर्ण बंद, कुंडी कोपऱ्यात, थेट जूनमध्ये बाहेर. म्हणजे पुण्याचा उन्हाळा त्याला भोगावाच लागत नाही. कंद रानातून खणू नका, ज्यांच्याकडे परसात आहे त्यांच्याकडून पिल्लू मागा. माझ्याकडे यंदा दोन सुटतील, देऊ शकतो.

ओलीकुंडी, पुणे (6 जून)

कातळसडा दादा, एक नक्की हवा, निरोप पाठवते. काळंही आणणार आहे. उन्हाळ्याचं तेवढं सांगा. एप्रिलमध्ये आमच्या बाल्कनीत कपडे तासाभरात वाळतात.

शेवाळवाट, ठाणे (6 जून)

पुण्यात खरी परीक्षा तीच. एप्रिलच्या दुपारी हवेतला ओलावा 30 टक्क्यांच्याही खाली जातो आणि टॅकाला 60 तरी हवा. फवारणीने दहा मिनिटं बरं वाटतं, पण संध्याकाळी पानांवर पाणी राहिलं की डाग पडतात. त्यापेक्षा परातीत खडी पसरून त्यात पाणी ठेवा आणि कुंडी खडीवर, बूड पाण्याला न लागता. भोवती नेचे, अळूच्या जातीतली शोभेची झाडं दाटीने लावा. मागच्या भिंतीवर गोणपाट भिजवून टांगा. मार्चपासून सकाळचं ऊनही नको, बाल्कनीत दुहेरी शेडनेट लावा नाहीतर झाड आत घ्या, फक्त एसीच्या खोलीत नाही.

हवा कोरडी झाली की पानांच्या मागे लाल कोळी (रस शोषणारी अगदी बारीक कीड) येतो. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसा. मी दर रविवारी पुसतो, गेली तीन वर्षं औषध मारावं लागलेलं नाही.

खत जून ते ऑक्टोबर, पाकिटावर लिहिलेल्याच्या निम्म्या मात्रेने, पंधरा-वीस दिवसांनी. थंडीत खत नाही. पाणी बोट घालून, वरचा पेरभर थर सुकल्यावरच.

ओलीकुंडी, पुणे (21 सप्टेंबर)

कळवायचं राहून गेलं होतं. जूनअखेर एका रोपवाटिकेत स्वतः जाऊन काळ्याचं पाच पानांचं रोप आणलं, साडेसहाशे रुपयांना. मिश्रण दोघांचं मिळून केलं: सोडणाचे तुकडे एक भाग, धुतलेलं कोकोपीट एक, परलाइट एक, कोळसा आणि पालाखत. पावसाचं पाणी पिंपात आहे. तेव्हापासून तीन नवीन पानं आली. देवकंदाला पान आलं होतं, आता पिवळं पडतंय, म्हणून त्याचं पाणी थांबवलं.

आज सकाळी काळ्याच्या मधोमध एक दांडा दिसला, बोटभर, टोकाला गडद जांभळी चोच. हे फूलच ना? की पान?

ब्रह्मपुत्राकाठ, गुवाहाटी (21 सप्टेंबर)

फूलच! पान हिरवं आणि गुंडाळलेलं येतं. अभिनंदन ताई.

वाफसा_मोड, नाशिक (21 सप्टेंबर)

अभिनंदन. आता कुंडी हलवू नका, दिशाही बदलू नका. आणि आज रात्रीच टॉर्च घेऊन कुंडीच्या बुडाखाली पाहा. बिनकवचाच्या गोगलगायींना हा कोवळा दांडा फार आवडतो, एका रात्रीत खाऊन टाकतात. माझं पहिलं फूल असंच गेलं. चौथ्या मजल्यावरही कुंडीतून येतात. परातीतलं पाणी वाढवून कुंडीभोवती खंदकासारखं ठेवा आणि पान भिंतीला टेकू देऊ नका.

फूल टिकलं तर दांडा लगेच कापू नका. एकच झाड असलं तरी बी धरतं. युन्नानमधल्या रानात या झाडाचा अभ्यास झाला होता, 2005 साली प्रसिद्ध झाला. रंग-रूप माश्यांना भुलवणारं दिसत असलं तरी बी बहुतेक स्वपरागणानेच धरतं, असं त्यात आढळलं. फळ पिकलं की ताजं बी मिळेल, ते मात्र पेरून बघण्यासारखं. थोडं मलाही पाठवा.

ओलीकुंडी, पुणे (22 सप्टेंबर)

रात्री साडेअकराला दोन सापडल्या, परातीच्या कडेखाली. पाणी वाढवलंय. दांडा शाबूत आहे, आज आणखी थोडा वर आलाय.