वाचनालयासाठी भारतीय बनावटीचंच घ्यायचा ठराव केलाय, पण ओळखायचं कसं?

जुना_कार्यवाह

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी वाचनालयाचा कार्यवाह आहे. संस्था १९०७ सालची, स्वदेशीच्या वाऱ्यातच सुरू झालेली. यंदा एका दिवंगत सभासदांच्या मुलीने वडिलांच्या स्मरणार्थ ३ लाख ४० हजार रुपये दिले. कार्यकारिणीत मी ठराव मांडला की या पैशातून जे घ्यायचं ते भारतात बनलेलंच असावं. एकमताने मंजूर झाला. मग खरेदीला निघालो आणि दुसऱ्याच दुकानात माझी गाडी अडली.

हवंय ते असं: वाचनकक्षाला ८ पंखे, २४ एलईडी ट्यूब, ३० खुर्च्या, बालविभागात खाली अंथरायला जाजमं, एक स्कॅनर. शिवाय दोन कामं आहेत: ६०० जुन्या पुस्तकांचं स्कॅनिंग आणि १८ हजार पुस्तकांची संगणकात नोंद.

ट्यूबच्या खोक्यावर तिरंग्याचे पट्टे, नावही आपल्याकडचं. चष्मा पुसून खालची बारीक अक्षरं वाचली तर आयात करणाऱ्याचा पत्ता. पंख्याच्या खोक्यावर बनवणारा एक, विकणारा दुसरा. दुकानदार म्हणाला, "काका, एवढं कोण वाचतं?" आमचे खजिनदार म्हणतात, बारकोड ८९० ने सुरू झाला की माल भारतीय. हे खरं आहे का?

कामांबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तो सल मनात आहे. २०१४ मध्ये आम्ही दाखल रजिस्टरची नोंद करायचं काम शहरातल्या एका संस्थेला दिलं होतं. तिने ते परस्पर दुसऱ्या कुणाला दिलं, त्याने आणखी कुणाला. कुणी टाइप केलं ते आजतागायत कळलेलं नाही. फाइल परत आली तेव्हा 'कै.' हे आडनाव समजून बावन्न दिवंगत लेखक एकाच आडनावाखाली बसवलेले. 'आ. २ री' हे पुस्तकाच्या नावाला चिकटवलेलं. सुरुवातीच्या पानांवरच्या मोडीतल्या नोंदी तर 'अवाचनीय' म्हणून सोडूनच दिलेल्या. ज्यांनी त्या नोंदी केल्या त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे. अवाचनीय नाही ते, वाचणारा माणूस नव्हता.

तेव्हा या वेळी चूक करायची नाहीये. जाणकारांनी सांगावं.

लेथमास्तर

कार्यवाह साहेब, भोसरीत पंख्याच्या मोटरचे भाग करणाऱ्या कारखान्यात २६ वर्षं तपासणी विभागात होतो. जे हाताखालून गेलं तेवढंच सांगतो.

बारकोडचं खरं नाही. ८९० म्हणजे तो क्रमांक भारतातल्या जीएस१ संस्थेने दिला, इतकंच. बाहेरून माल आणून इथल्या कंपनीने आपला क्रमांक लावला तरी ८९० च येतो. आयएसआयच्या छापाचंही तसंच. तो छाप दर्जाचा आहे. परदेशातल्या कारखान्यांनाही भारतीय मानक ब्यूरो परवाना देतं.

पण त्याच छापात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. छापाखाली 'सीएम/एल' असं लिहून पुढे परवाना क्रमांक असतो. मोबाइलवर 'बीआयएस केअर' अॅप घ्या, तो क्रमांक घाला. परवाना कुणाच्या नावावर, कारखाना कुठे, ते पत्त्यासकट समोर येतं. ट्यूबवर आयएसआयऐवजी 'आर' आणि पुढे आकडे असा नोंदणी क्रमांक सापडेल, तोही त्याच अॅपमध्ये तपासता येतो. खोक्यावर 'मार्केटेड बाय' दिसलं की तिथे थांबायचं नाही, 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' शोधायचं. आयात मालावर मूळ देश छापणं बंधनकारक आहे. ऑनलाइन घेत असाल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रीच्या पानावरही मूळ देश दिलेला असायला हवा.

आता पंखा. साधा पंखा घ्या, इंडक्शन मोटरचा. स्टँपिंग, वाइंडिंग, रोटरचं डायकास्टिंग, बॉडी, पाती, रंग, सगळं आपल्याकडे होतं आणि उत्तम होतं. याची खात्री मी देतो, कारण कॉइलच्या तारेचा एक वेढा कमी पडला तरी माल परत पाठवणाऱ्या बायका आमच्या लाइनवर होत्या. बीएलडीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या मोटरचा पंखा वीज कमी खातो, साधा ७५ वॉटच्या आसपास तर हा ३० च्या आसपास. पण त्यातल्या सर्किटवरच्या चिप बहुतेक बाहेरच्या असतात, जोडणी इथे झाली तरी. शंभर टक्के देशी असा हट्ट धराल तर बीएलडीसी तुमच्या ठरावात बसणार नाही. सरकारनेसुद्धा २०१७ च्या खरेदी आदेशात देशी पुरवठादाराचे वर्ग पाडलेत: निम्मं किंवा अधिक मूल्य इथलं असेल तर पहिला वर्ग, २० ते ५० टक्के असेल तर दुसरा. ठरावात असा काहीतरी आकडा घाला, नाहीतर तुमचेच सभासद उद्या तुम्हाला एकेक स्क्रू दाखवतील.

आणखी एक. साधा पंखा जळाला तर तुमच्या तालुक्यातला वाइंडिंगवाला दिवसभरात भरून देतो. बीएलडीसीचं सर्किट गेलं की कंपनीकडून नवंच मागवावं लागतं. दुरुस्ती हेही इथलंच काम आहे, ते हिशेबात धरा.

जुना_कार्यवाह

मास्तर, कालच रात्री अॅप घेतलं. घरातल्या पंख्यापासून सुरुवात केली. २००९ साली घेतलेल्या पंख्याचा परवाना अजून दिसतोय, कारखान्याच्या पत्त्यासकट. बायको म्हणाली, आता मिक्सरही बघा. मनापासून आभार.

धोटा_सोलापूर

दादा, जाजमाबद्दल मी सांगते. माझ्या वडिलांची हयात सोलापुरात यंत्रमागावर गेली. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तरी बाजारात पानिपतची चादर 'सोलापुरी' म्हणून सर्रास विकली जाते. पानिपतचा विणकरही आपलाच आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण भारतात बनलंय एवढंच विचारलंत तर ती चादर तुमच्या ठरावात बसते आणि ज्या गावाच्या नावावर ती विकली गेली त्या गावचा माग मात्र बंद राहतो. म्हणून नुसता देश नको, गाव विचारा.

ओळख सांगायची तर खऱ्या चादरीची वीण दुहेरी असते. नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते आणि रंग उलटतात, एका बाजूला लाल जमिनीवर पांढरं फूल असेल तर मागे पांढऱ्यावर लाल. छापील नकलेला मागची बाजू फिकी असते.

पण मुलांना खाली बसायला चादर घेऊ नका, सुती सतरंजी घ्या. हातमागाची हवी असेल तर हँडलूम मार्कचं लेबल बघा, २००६ पासून ते देतात. आणि एक सुचवते, विचार करा. येरवडा आणि नाशिकच्या कारागृहांत कैदी सतरंज्या विणतात, लाकडी फर्निचरही करतात. तुमच्या ३० खुर्च्यांसाठी तिथे चौकशी करायला हरकत नाही. माझ्या शाळेत तिथल्याच सतरंज्या होत्या. पाऊणशे पोरांनी अकरा वर्षं त्यावर उड्या मारल्या.

रोखठोक

राग मानू नका, पण देणगी पुस्तकांच्या घरासाठी आलीय. स्वस्त आणि टिकाऊ ते घ्या, उरलेल्या पैशांत पुस्तकं घ्या. ८ पंख्यांनी देशाचा कारखाना उभा राहत नाही. वाचकाला वारा हवा असतो, पंख्याचा जन्मदाखला नको. स्कॅनिंगही ज्याचा दर कमी त्याला द्या, करार मात्र नीट करा.

जुना_कार्यवाह

रोखठोक, राग नाही. हाच मुद्दा आमच्या एका तरुण सदस्याने सभेनंतर जिन्यात मला विचारला होता आणि मला धड उत्तर देता आलं नव्हतं. आज प्रयत्न करतो.

आमच्या माळ्यावर एक प्रभाकर कंदील आहे. वीज येण्याआधी वाचनकक्षात तोच लागायचा. तो ओगलेवाडीचा, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला, कराडजवळचा. तिथला काच कारखाना १९१६ चा. त्याच्याही आधी, १९०८ मध्ये तळेगावला पैसाफंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एकेक पैसा मागत गावोगाव फिरून तो निधी उभा केला, लोकमान्यांनी पाठबळ दिलं. त्या कारखान्याने काच किती विकली यापेक्षा मला मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: तिथे भट्टीवर शिकलेली माणसं पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेली. एका पैशात कुणाचा संसार उभा राहत नव्हता. पण देणाऱ्याला ठाऊक होतं की फुंकनळी धरणारा हात आपल्याकडे तयार होतोय.

मला ८ पंख्यांत तेच दिसतं. मास्तरांच्या लाइनवरच्या त्या बायकांना तारेचा एक वेढा कमी पडलेला कळतो. ते कळणं कुठल्याही खोक्यात भरून आयात करता येत नाही. आणि आमच्या २०१४ च्या फाइलने मला शिकवलं की स्वस्त दराने काम बाहेर गेलं की त्याबरोबर ते काम येणं, जमणंही बाहेर जातं. आज आमच्या तालुक्यात मोडी वाचणारी माणसं मी बोटांवर मोजू शकतो. पुढच्या वेळी तेवढीही नसतील. पुस्तकं कमी येतील हे मान्य आहे. दरातला फरक मोजला, साधारण सव्वीस हजार होतो. मला तो जड वाटतो, तरी द्यावासा वाटतो.

दाखल_रजिस्टर

मी तीस वर्षं सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते, म्हणून नोंदीच्या कामावर बोलते. कार्यवाह साहेब, ते काम पुन्हा बाहेर देऊ नका. तुमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलंमुली बसत असतीलच. त्यातल्या दोघांना निवडा, पंधरा दिवस शिकवा, मानधन द्या. १८ हजार नोंदी म्हणजे दोघांचं सहासात महिन्यांचं काम. चुकलं तर कपाटापाशी जाऊन पुस्तक काढून बघता येतं, हे परगावच्या माणसाला कधीच जमत नाही. मोडीसाठी भूमी अभिलेख किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून निवृत्त झालेलं कुणी आहे का बघा. आमच्याकडे असेच एक आजोबा मिळाले होते. रोज दोन तास यायचे, चहासुद्धा घरून आणायचे.

जुनी पुस्तकं स्कॅनसाठी इमारतीबाहेर जाऊ देऊ नका. तो कागद इतका ठिसूळ झालेला असतो की टेंपोतच तुकडे होतात. वरून फोटो घेणारा स्कॅनर घ्या, म्हणजे पुस्तक दाबून सपाट करावं लागत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये मात्र तुमचा ठराव जरा सैल करा. एनआयसीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय माहिती केंद्राचं, ई-ग्रंथालय आहे, ते सरकारी आणि भारतीय. तुमच्या वाचनालयाला मिळेल का ते जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना विचारा. नाही मिळालं तर कोहा घ्या. ते न्यूझीलंडमधल्या एका छोट्या भागातल्या ग्रंथालयांसाठी बनलं, २००० साली वापरात आलं. परदेशी आहे, पण त्याचा कोड खुला आहे. फुकट मिळतं, मराठीत नोंदी होतात, इथली मुलं शिकून दुरुस्त करतात आणि तुमची यादी तुमच्याच संगणकावर राहते. याउलट इथल्याच एका विक्रेत्याने आमची यादी स्वतःकडे ठेवली आणि वर्गणी थकली तेव्हा आम्हाला ती दोन महिने उघडता आली नाही. विक्रेता देशी होता, यादी मात्र आमची राहिली नव्हती.

लेथमास्तर

ताई, अगदी बरोबर. मशीन जर्मन असलं तरी ते उघडून दुरुस्त करणारा आपला असेल तर आमच्याकडे त्याला 'आपलं मशीन' म्हणायचे.

जुना_कार्यवाह

दोन महिन्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी असावी.

पंखे साधेच घेतले, ८ चे ८. परवाना क्रमांक दुकानातच तपासला. ज्या दुकानदाराने "एवढं कोण वाचतं" म्हटलं होतं, त्यानेही स्वतःच्या मोबाइलवर अॅप घेतलं आणि शोकेसमधल्या ट्यूबा तपासत बसला. त्यातूनच आमच्या २४ ट्यूबा निवडल्या. सतरंज्यांसाठी येरवड्याला पत्र टाकलं होतं, मागणी नोंदवून घेतली आहे. खुर्च्या गावातल्याच सुताराकडून सागवानी करून घेतोय. तो सावकाश करतोय, पण सांधे बघण्यासारखे आहेत. ३० च्या पैशांत २२ च बसल्या.

स्कॅनर परदेशी घ्यावा लागला. फार शोधलं. तसं सभेत स्पष्ट सांगितलं आणि ठरावात दुरुस्ती करून घेतली: जे इथे बनलेलं मिळणार नाही ते बाहेरचं घ्यावं, पण तशी नोंद ठेवावी. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला, त्यासाठी एक रकाना वाढवलाय, 'कुठे बनले'.

नोंदीचं काम अभ्यासिकेतल्या दोन मुली करतायत. मोडीसाठी एक निवृत्त अभिलेखपाल भेटले, वय ८१. मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. पहिल्या आठवड्यात ते वाचायचे आणि मुली लिहून घ्यायच्या. काल गेलो तर धाकटी स्वतः वाचत होती आणि ते नुसते मान हलवत होते. १९०७ च्या पहिल्या पानावरची नोंद तिने मला वाचून दाखवली: शिसवी कपाट एक, कारागिराचं नाव आणि पुढे आमच्याच गावची पेठ.

तो रकाना आमच्या आधीच्यांनी तेव्हाच आखलेला होता.